दाराचे वाक्य

सेनोबियाने वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरून पाहिली, मग मिटून टेबलावर ठेवली.

“नाही लागत, मास्तर. एक अक्षर लागत नाही.”

फोर्तुनातो आरान्सिबियांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि टेबलावर ठेवला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो असा सामानासारखा हलवावा लागे. वहीतली पाने त्यांनी सहा आठवडे खपून डाव्या हाताने लिहिली होती.

“सव्वीस वर्षं माझं अक्षर वाचतेस तू. कोर्टात वकिलाची चिठ्ठी कुणाला लागली नाही, की तुझ्याकडे आणतात.”

“वकील निदान शब्द लिहितात. ही मुंग्यांची मिरवणूक आहे.”

मास्तर हसले नाहीत. दोन भावांवरच्या पाचव्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते. आधीच्या चारही कादंबऱ्या सेनोबियाने टाइप केल्या होत्या. सकाळी ती बोलिव्हियातल्या सुक्रे शहराच्या कोर्टासमोर, कमानींखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहून देई आणि दुपारी मास्तरांच्या वह्या घेऊन बसे.

“तुम्ही सांगा, मी टाइप करते,” ती म्हणाली.

“बोलायला लागलो की मी इतिहास शिकवायला लागतो. चाळीस वर्षांची सवय आहे.” मास्तर कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहत होते. कोचाबाम्बाहून लेकीने पाठवलेला कॉम्प्युटर दोन वर्षे त्यात पडून होता. “ते उघड. मला शिकव.”

डाव्या हाताच्या एका बोटाने पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. त्याही भलत्याच.

“रचायचं आणि अक्षरंही शोधायची, दोन्ही एकदम नाही जमणार,” सेनोबिया म्हणाली. “आधी काहीतरी बघून उतरवा.”

मास्तरांनी आपल्या पहिल्या कादंबरीची वही काढली. रोज सकाळी ते तिच्यातली शेवटची पाने उतरवू लागले. नवव्या दिवशी अख्खे पान झाले. चुका तपासायला म्हणून त्यांनी छापील पुस्तक उघडले आणि शेवटच्या वाक्यापाशी त्यांचे बोट थांबले.

खाणीत गेलेल्या माणसाची बायको संध्याकाळी घरी परतते, तिथे पुस्तक संपत होते. पुस्तकात होते, ‘तिने दार उघडेच ठेवले आणि ती जेवायला बसली.’ हे वाक्य त्यांना बाजारातल्या बटाटेवालीने पाठ म्हणून दाखवले होते. कुणाच्या तरी थडग्यावर कोरलेलेही त्यांनी पाहिले होते.

वहीत होते, ‘तिने दार लावून घेतले आणि ती जेवायला बसली.’ काळी शाई, स्वच्छ अक्षर. कुठे खाडाखोड नाही.

दुसऱ्या दिवशी सेनोबिया कागदाच्या पिशवीत दोन गरम साल्तेन्या, रसाळ सारणाच्या करंज्या, घेऊन आली.

“आधी खाऊन घ्या. आतला रस त्या यंत्रावर सांडू नका.”

मास्तरांनी वही आणि पुस्तक तिच्यापुढे सरकवले. तिने दोन्ही वाचले. ती खाली बसली नाही.

“अक्षर लागलं नव्हतं?”

“लागलं होतं.”

“मग?”

सेनोबियाने पदराआड लपवावीत तशी बोटे शालीत घेतली. “तेव्हा माझा नवरा, तेओदोरो, पोतोसीच्या खाणीत उतरला त्याला तीन वर्षं झाली होती. वर आला नव्हता. कुणी वर आणलाही नव्हता. तुमच्या बाईने दार लावलं आणि माझी बोटं चालेनात. तासभर तशीच बसले. मग लिहिलं, ते असं.”

“मला विचारायचं होतंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असता. छापायच्या आधी तुम्ही दोनदा वाचलंत, मास्तर. काही बोलला नाहीत. मला वाटलं, चाललं.”

मास्तरांना ती दुपार आठवली. छापखान्याच्या कागदांवर हे वाक्य वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. हे आपल्याला सुचले कसे, या नवलात ते कितीतरी वेळ बसून राहिले होते. सेनोबियाला त्यांनी हे सांगितले नाही.

“उद्यापासून येऊ नकोस. माझं मी लिहीन.”

“यंत्र अर्धंच आलंय तुम्हाला.”

“अर्धं पुरे.”

जून आला, हवेत तिकडच्या हिवाळ्याची कोरडी थंडी शिरली. मास्तर मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून, बोटे शेकत शेकत टाइप करत. दुपारी एकपर्यंत कुणी कडी वाजवली तरी उठत नसत. एकदा कुठलीशी कळ दाबली गेली आणि तीन पाने नाहीशी झाली. त्यांनी खिडकी उघडली, अंगणाला ऐकू जाईल अशी एक शिवी दिली, खिडकी लावली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. वहीत खोडलेला शब्द रेघेखाली दिसत राही. इथे पुसलेला शब्द जणू कधी सुचलाच नव्हता, असा जाई. त्यांनी पुसणेच सोडले. नाकारलेली वाक्ये ते पानाच्या तळाशी ढकलून ठेवू लागले.

ऑगस्टच्या मध्यावर प्रकरण संपले. तळाची अडगळ काढल्यावर एकोणीस पाने उरली. प्रत्येक अक्षर त्यांचे स्वतःचे होते.

पाने छापून घेऊन ते काठी टेकत कोर्टाच्या कमानींपाशी गेले. सेनोबियापुढे दोघे होते. मास्तर तिसरे उभे राहिले. पाळी आली तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी पाने टाइपरायटरवर ठेवली.

तिने त्यांच्याकडे पाहिले, मग पाने उचलली. एकोणीसच्या एकोणीस वाचली. मागची रांग खाकरू लागली.

“एकही चूक नाही,” ती म्हणाली. “छान टाइप केलंय.”

“ते विचारायला नाही आलो.”

पाने जुळवता जुळवता तिचा हात थांबला. तिने अकरावे पान वर काढले आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवले.

“हा थोरला भाऊ इथे माफी मागतो.”

“हो.”

“नाही मागणार तो, मास्तर.”

“बाई, आमचं कधी?” मागून एकाने विचारले.

“दुपारी या,” सेनोबिया मान वर न करता म्हणाली.

मास्तरांनी स्टूल पुढे ओढले.

“मग काय करेल तो?”