मास्तरांचा शर्ट आणि माझी बदनामी

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे. तो बिचारा केव्हाच अडगळीत गेला. मी माप घेणारा, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारा टेप. माझ्या एका बाजूला इंच आहेत आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. सेंटिमीटरकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही, त्यामुळे ती बाजू अजून नव्यासारखी आहे. माझ्या टोकांना पितळेच्या पट्ट्या आहेत. त्यातली एक वाकडी झाली आहे, कारण आमच्या मास्तरांना विचार करताना ती चावायची सवय आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखीच हजारो भावंडं तिथे एकाच वेळी जन्माला आली. आमच्यात कुणी उंच नाही की कुणी बुटका नाही, त्यामुळे आम्हा भावंडांत भांडण असं कधी झालं नाही. मग आम्हाला गुंडाळून डब्यांत भरलं आणि मी एका दोरे-बटणांच्या दुकानात येऊन पडलो. तिथे मास्तर आले. पैसे देण्याआधी त्यांनी खिशातून लाकडी पट्टी काढली आणि मला तिच्याशेजारी लावून इंच न् इंच तपासला. दुकानदाराने तोंड वाकडं केलं. मला मात्र तेव्हाच कळलं की हा माणूस सहजासहजी कुणावर विश्वास ठेवत नाही, पण एकदा ठेवला की मग बघायला नको.

मास्तरांचं दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली. दाराशी शिलाई मशीन, मध्ये कापडं बेतायचं टेबल, भिंतीला एका कोपऱ्यात डाग पडलेला आरसा. मागे पडदा, आणि पडद्यामागे घर. पडद्याच्या अलीकडे एका बुटक्या स्टुलावर मास्तरांची बायको बसायची. काजं, बटणं, तुरपाई हे तिचं खातं. माप आणि कात्री हे मास्तरांचं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला कधी हात लावला नाही आणि मास्तरांनी कधी बटण लावलं नाही. त्यामुळेच दोघांचं बरं जमत असावं.

माझी उमेदीची वर्षं फार मजेत गेली. माणूस कितीही मोठा असो, मी कमरेपाशी आलो की तो पोट आत घेतो. मास्तर शांतपणे म्हणायचे, "श्वास सोडा. कापड तुम्हीच आणलंय, मग त्यात काटकसर कशाला?" गिऱ्हाईक हसायचं, पोट बाहेर यायचं, आणि मला खरं माप मिळायचं. लोक मास्तरांच्या हाताची तारीफ करायचे. मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हात कसला, टेप चांगला आहे." असं कौतुक ऐकलं की मी गळ्यात जरा सरळ लोंबायचो.

या दुकानात फक्त एका माणसाचं माप कधी घेतलं गेलं नाही. स्वतः मास्तरांचं. ते त्यांना लग्नाच्या कोटापासून तोंडपाठ होतं. दरवर्षी ते स्वतःला एक पांढरा शर्ट शिवायचे आणि तो अंगावर चपखल बसायचा.

मग एका वर्षी तो बसला नाही. पुढून खाली आला आणि मागून वर चढला. मास्तरांनी आरशात पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग मला गळ्यातून काढलं, हातात धरून ताणलं आणि जाहीर केलं, "टेप ढिला पडलाय."

मित्रांनो, टेपला याहून मोठी शिवी नाही.

शेजारी इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्रीवाला येणाऱ्या प्रत्येकाला "कडक करू का?" असं विचारायचा, म्हणून सगळे त्यालाच कडक म्हणत. त्याने तो शर्ट इस्त्रीला घेतला आणि म्हणाला, "मास्तर, याच टेपाने बाकीच्यांचे शर्ट बरोबर होतात. तुमच्याच शर्टाशी याचं काय वाकडं आहे?"

 मास्तर नवा पिवळाधमक टेप घेऊन आले आणि मला बटणांच्या डब्यात टाकलं. नव्या टेपाने बेतलेला शर्टही तसाच लांब झाला. तेव्हा त्यांनी कापडाला दोष दिला. कापडाने मुकाट्याने ऐकून घेतलं.

खरं सांगायचं तर त्यांची पाठ कित्येक महिने दुखत होती. शिंप्याची पाठ दुखायचीच, असं म्हणून ते मलम चोळत होते आणि दुखण्याच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या खात होते. दोन शर्ट बेतले की दमायचे. चेहरा शर्टासारखाच पांढरा पडला होता. बायको म्हणायची, डॉक्टरकडे चला. मास्तर म्हणायचे, एवढी ऑर्डर संपू दे. शिंप्याची ऑर्डर कधी संपते का?

शेवटी एका सकाळी ते खाली पडलेली दोऱ्याची बॉबिन उचलायला वाकले आणि त्यांना उठताच येईना. इस्त्री तापती टाकून कडक धावत आला. मास्तरांच्या मुलीला फोन गेला, ती ऑफिसातून तशीच आली. आधी पाठीचा फोटो, मग रक्त, मग आणखी रक्त, मग कमरेच्या हाडात सुई घालून केलेली तपासणी. कागद इतके झाले की फाईल मिटेना. मास्तरांच्या बायकोने बांधायला काहीतरी म्हणून बटणांच्या डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. अशी माझी बदली दवाखान्याच्या फाईलवर झाली. मला गाठ मारण्यात आली. पण गळ्यात नाही तरी कामात होतो, एवढंच समाधान.

म्हणून पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर बाई हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या की आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं, तिथला हा कॅन्सर. त्याने हाडं आतून पोखरली, रक्त कमी झालं, आणि पाठीचे दोन मणके दबले. दुखण्याच्या गोळ्या आजपासून मनाने घ्यायच्या नाहीत, कारण मूत्रपिंडांवर आधीच भार आहे.

मास्तरांनी फाईलकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी डॉक्टरांना शर्टाची हकिकत सांगितली.

"शर्ट बरोबर होता, मास्तर," डॉक्टर म्हणाल्या. "मणके दबल्यामुळे तुमची उंची कमी झाली आहे आणि पाठीला बाक आला आहे."

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो होतो. अशा वेळी आनंद व्हायला हवा. मला तो झाला नाही. असं निर्दोष ठरण्यापेक्षा मी खरोखरच ढिला पडलो असतो तर फार बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मुलीने विचारलं, हा बरा होतो का. डॉक्टरांनी गोड बोलून फसवलं नाही. मुळापासून जाईल असं सांगता येत नाही, पण औषधांनी आटोक्यात येतो आणि अनेकांचा वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो, असं त्या म्हणाल्या.  बायको माझी गाठ सोडत होती आणि पुन्हा मारत होती. मास्तरांनी एकच प्रश्न विचारला.

"कात्री धरता येईल ना?"

"धरायचीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त एक लक्षात ठेवा. या इंजेक्शनाने काही जणांच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. तसं वाटलं की लगेच सांगायचं. लवकर कळलं तर आम्हाला काहीतरी करता येतं."

मास्तरांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने अशक्य तारीख सांगितली की ते अशीच मान हलवतात, आणि मग स्वतःला हवं तेच करतात.

उपचार सुरू झाले. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. रोजच्या गोळ्या वेगळ्या. हाडांसाठी सलाईन, पण त्याआधी दाताच्या डॉक्टरांचा होकार. पाणी भरपूर प्यायचं. वजन उचलायचं नाही. कंबरेला पट्टा बांधायचा. हा पट्टा फार रुंद आणि गर्विष्ठ होता. मास्तरांच्या कंबरेला दिवसभर धरून बसायचा आणि त्याला एक आकडासुद्धा वाचता येत नव्हता.

इंजेक्शनाच्या दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्याही असत. त्या दिवशी मास्तर म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. सकाळपासून तोंडाचा पट्टा सुरू. बटणांचा डबा रिकामा करून त्यांनी बटणं आधी रंगाने लावली, मग आकाराने, मग छिद्रांच्या संख्येने. कडकला त्यांनी इस्त्री कशी करावी यावर व्याख्यान दिलं. कडक म्हणाला, "वहिनी, ही गोळी मला पण आणा, माझं गिऱ्हाईक फार तुंबलंय." दोन दिवसांनी त्या गोळीचा जोर उतरला की मास्तर टेबलाशेजारी खुर्चीत डोळे मिटून पडायचे. तेव्हा कडक कापडाचे तागे न सांगता आत आणून ठेवायचा आणि जाताना पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात द्यायचा. त्या दिवशी तो विनोद करत नसे.

दर आठवड्याला नर्स विचारायची, मुंग्या येतात का? मास्तर हसून म्हणायचे, मुंग्या साखरेला येतात, मी कुठे गोड आहे? नर्स हसायची आणि पुढे जायची.

एक दिवस दुकानात मास्तर शर्ट बेतत होते. बऱ्याच दिवसांनी आलेली हुशारी होती. थोड्या वेळाने त्यांनी पिवळा टेप टेबलावर टाकला आणि बायकोला म्हणाले, "अगं, माझा जुना टेप कुठंय? याचं टोक हाताला लागत नाही."

बायकोने फाईलची गाठ सोडली आणि मला त्यांच्या हातात दिलं. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी त्या हातात गेलो. मी त्यांना सगळं माफ केलं. त्यांचं बोट माझ्या पितळेच्या वाकड्या टोकावरून फिरलं. पुन्हा फिरलं. माझं ते टोक डोळे मिटूनही सापडावं असं आहे, त्यांनी स्वतःच्या दातांनी घडवलेलं. पण त्यांचं बोट ते शोधतच राहिलं, आणि मी तर त्यांच्या बोटाखालीच होतो.

"हाही गुळगुळीत झालाय," मास्तर म्हणाले. "हल्ली टेपात काही राम राहिला नाही."

स्टुलावर बायकोची सुई काजात अर्धी गेली होती. ती तिथेच थांबली. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पांढऱ्या कापडाकडे. त्यावर रक्ताचा एक बारीक ठिपका होता. मास्तरांना टाचणी टोचली होती आणि त्यांना ती कळलीच नव्हती.  उठून तिने कापड थंड पाण्यात भिजवलं आणि मला पुन्हा फाईलला बांधलं. या वेळची गाठ घट्ट होती.

इंजेक्शनाच्या दिवशी नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला. मास्तरांनी साखरेचा विनोद सुरू केला. बायकोने तो मध्येच तोडला.

"सिस्टर, यांनी परत टेपला नावं ठेवलीत."

नर्सला काही समजेना. बायकोने शर्टाची सगळी गोष्ट सांगितली. मागच्या वेळी टेप ढिला पडला, तेव्हा यांचे मणके दबले होते. आता टेप गुळगुळीत झालाय. "या माणसाच्या अंगात काही बिघडलं ना, की टेपाची चूक निघते," ती म्हणाली. "टाचणी टोचलेली कळत नाही यांना."

नर्सने इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

मास्तर खाली मान घालून बसले होते. डॉक्टरांनी त्यांची बोटं एकेक करून कापसाने, मग बोथट सुईने तपासली. कधीपासून, असं विचारलं. मास्तर म्हणाले, दोन-तीन आठवडे. मग फार हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं तर औषध बंद कराल असं वाटलं. आणि नाही सांगितलं तर बोटं जातील. दोन्हीतलं काय कापायचं तेच ठरेना."

"काहीच कापायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डोस कमी करू, दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवू. औषध चालू राहील. आणखी लपवलं असतं, तर बोटं कायमची बधिर राहण्याची भीती होती. आता हळूहळू सुधारतील अशी आशा आहे. मात्र वेळ लागेल." मग त्या फाईलकडे बघून म्हणाल्या, "आणि रक्तातला आजाराचा आकडा निम्म्याहून खाली आलाय, हेही ऐका."

 घरी येताना रिक्षात बायकोने फाईल मांडीवर धरली होती. मास्तरांचा हात माझ्या गाठीवर होता. त्यांना मी कळत होतो की नाही, मला माहीत नाही. पण हात त्यांनी काढला नाही.

काही आठवड्यांनी बायकोने दुपारी फाईलची गाठ सोडली आणि मास्तरांना म्हणाली, "उभे राहा."

"कशाला?"

"शर्ट शिवायचाय तुमचा. या अंगाचा. लग्नाच्या कोटाचा नव्हे."

मास्तर म्हणाले, माप घेणं हे माझं काम आहे. ती म्हणाली, ते काम तुम्ही कसं केलंत ते पाहिलं सगळ्यांनी. मास्तर निमूट उभे राहिले. तिने आधी खांदा मोजला, मग बाही, मग मानेपासून खालपर्यंत लांबी. ती मोठ्याने आकडे सांगत होती आणि मास्तर लिहून घेत होते. लांबीचा आकडा ऐकून त्यांचा खडू थांबला. मग त्यांनी तो आकडा लिहिला आणि त्याच्याखाली नेहमीसारखी रेघ ओढली.

शेवटी छाती. छातीचं माप घ्यायचं तर दोन्ही हात माणसाच्या पाठीमागून न्यावे लागतात. तिने नेले. एका हातातलं माझं टोक दुसऱ्या हातात घेतलं आणि ती तशीच थांबली. दुकानाचं दार उघडं होतं. रस्त्यावरून माणसं जात होती.

"वहिनी," शेजारून कडकचा आवाज आला, "इतका वेळ लागतो होय छातीला?"

"नवीन आहे मी," ती म्हणाली. "मला नीट मोजू दे."

मास्तरांनी पोट आत घेतलं. मग स्वतःच हसले आणि श्वास सोडला.

मित्रांनो, आता मी पुन्हा मास्तरांच्या गळ्यात असतो. फाईलला कडकने नाडी आणून दिली आहे. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. आम्हा टेपांना उन्हात टाकू नका, ओलं करू नका, आणि विचार करताना चावलंत तर एकाच टोकाला चावा. आणि कधी तुमच्या घरातल्या कुणाचा शर्ट उगाचच लांब वाटू लागला, तर शिंप्याकडे जाण्याआधी त्या माणसाला एकदा आरशासमोर उभं करा आणि दोन्ही हातांनी नीट मोजून बघा. माप घेताना घाई करू नका.