दहा चौकोन आणि प्रमिलाबाईंचं नाव

मी बोटांच्या ठशांचा कागद बोलतोय. दिसायला साधाच आहे मी. जाड, पांढरा, अंगावर दहा रिकामे चौकोन, प्रत्येक बोटाला एक. पण एखाद्या माणसाच्या नावावर डाग नाही हे जगाला सांगण्यासाठी मी जन्मलो, याचा मला फार अभिमान आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात आणि काउंटीच्या पोलीसप्रमुखाला शेरीफ. अशाच एका शेरीफच्या ऑफिसातल्या कपाटात मी कित्येक महिने पडून होतो. मग एके दिवशी मला आणि माझ्या जुळ्या भावाला एका पाकिटात घालून थेट शारजाला धाडलं. एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून दोघं.

पाकीट उघडलं वैभवीताईंनी. त्या दुबईत नोकरी करतात, रोज ट्रॅफिकमध्ये अडकून शारजाला परततात, तरी शेरीफच्या ऑफिसशी सगळा पत्रव्यवहार त्यांनीच केला होता. आम्ही मात्र आलो होतो त्यांच्या शेजारणीसाठी, प्रमिलाबाईंसाठी.

प्रमिलाबाई बिल्डिंगमधल्या मराठी घरांना ज्वारीच्या भाकऱ्या करून देत. दिवसाला साठ. नवरा सुदेश बांधकामावर फोरमन. त्याची साइट अल ऐन शहरात हलली होती आणि तिथल्या एका शाळेने प्रमिलाबाईंना बालवर्गात नॅनी म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. जिथे जिथे राहिलात, तिथल्या पोलिसांचं पत्र आणा. भारताचं आलं, इथलं आलं. राहिलं अमेरिकेचं.

एका कुटुंबाची मुलं सांभाळायला त्या तिथे दोन वर्षं राहिल्या होत्या. एक दिवस घरच्या बाईंची हिऱ्याची कुडी सापडेना. बाईंनी सगळ्यांसमोर प्रमिलाबाईंची बॅग उपसली. काहीच निघालं नाही. तरी म्हणाल्या, "शेरीफकडे तुझं नाव दिलंय मी. आता जगात कुठेही जा, ते मागे येईल." दुसऱ्याच दिवशी प्रमिलाबाईंना विमानात बसवून दिलं. त्याला तीन वर्षं झाली.

"ताई, अर्जच नको करायला," माझ्याकडे न बघता प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिथे माझं नाव लिहिलेलं असलं तर?"

"असलं तर कळेल," वैभवीताई म्हणाल्या. "आणि नसलं तर?"

शेवटी दुसऱ्या दिवशी ठसे द्यायला पोलिसांच्या ऑफिसात जायचं ठरलं.

त्या संध्याकाळी एक चूक झाली. मला ती समोर दिसत होती, पण कागदाला ओरडता कुठे येतं! सरकारी कागदाला हळदीची, पिठाची बोटं कशी लावायची, म्हणून प्रमिलाबाईंनी लिंबू आणि मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि तासभर बोटं घासली. लाल होईपर्यंत. आधीच तव्याने झिजलेली बोटं ती. उरल्यासुरल्या रेषाही त्यांनी आदरापोटी पुसून टाकल्या.

सकाळी काउंटरवर मुनिबा नावाची बाई होती, मूळची लाहोरकडची. तिने शाई लावली आणि एकेक बोट नखापासून नखापर्यंत माझ्या भावावर फिरवलं. उमटले ते दहा काळे डाग. रेष एकही नाही.

"बाजी, लकीरें कहाँ हैं?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं मुनिबा हसून म्हणाली. "ऐसे हाथ तो चोरों के होते हैं, जो निशान मिटा देते हैं!"

तिने गंमत केली होती. पण प्रमिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"मैं चोर नहीं है मॅडम," त्या कशाबशा म्हणाल्या. "मैं भाकरी करती है."

मुनिबाचं हसू थांबलं. तिने तो हात उलटा केला, बोटांची टोकं नीट पाहिली. "तवे पर हाथ से पलटती हो?"

"चिमटे से फटती है ना."

"मेरी अम्मी भी ऐसे ही पलटती थी." मुनिबाने माझ्या भावावर लाल रेघ ओढली आणि मला तसाच कोरा परत दिला. "पंधरा दिन तवा नहीं, बर्तन नहीं, घिसना तो बिलकुल नहीं. तेल लगाओ. लकीरें वापस आएँगी, इन्शाल्ला. और ये काग़ज़ सँभालना, आख़िरी है."

आख़िरी! अमेरिकेहून नवा कागद मागवायचा तर शाळेने दिलेली मुदत टळणार होती. आता सगळा भार माझ्या एकट्यावर.

ते पंधरा दिवस मी फाइलमधून पाहिले, आणि माणसांविषयी माझं मत कायमचं चांगलं झालं. वैभवीताईंनी चावी मागून घेतली आणि ऑफिसला जाण्याआधी येऊन भांडी घासू लागल्या. सुदेश अल ऐनला जाण्याआधीची शेवटची सुट्टी घेऊन घरी होता. तो भाकऱ्या थापायला बसला. तिसऱ्या मजल्यावरचे गुणवंतराव, वय पासष्ट, डबा न्यायला आले आणि ताटाकडे बघतच राहिले.

"सुदेश, ही भाकरी आहे की टाइल?"

"लेव्हल बघा काका, लेव्हल!"

"लेव्हल चोख आहे रे. दात कुणाचे लावू?"

प्रमिलाबाई खुर्चीत हात पुढे धरून बसलेल्या, बोटांना खोबरेल तेल. तीन वर्षांत त्या इतक्या मोठ्याने हसल्या नव्हत्या, असं सुदेश नंतर म्हणाला. गुणवंतराव दुसऱ्या दिवशी स्वतःचं पीठ घेऊन आले. "माझ्या मी थापतो. बाईंनी फक्त चुका सांगायच्या." आणि खरंच, चौथ्या दिवशी त्यांची भाकरी टम्म फुगली.

बाराव्या दिवशी प्रमिलाबाईंनी अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. "अहो, इकडे या. दिसतंय काही?" सुदेशने चष्मा लावला. "दिसतंय! गोल गोल आलंय बघ, नदीच्या पाण्यासारखं."

सोळाव्या दिवशी माझी वेळ आली. मुनिबाने शाई अगदी पातळ लावली. उजवा अंगठा माझ्यावर टेकला, फिरला आणि उचलला. काय सांगू! वळणावर वळण, रेषेला रेष, एखादं सुरेख अक्षर असावं तसा ठसा. तर्जनी जरा अडली. तव्याचा सर्वात जास्त मार तिनेच खाल्ला होता. मुनिबा थांबली, बोट पुसलं, त्यावर फुंकर घातली, पुन्हा हलक्या हाताने फिरवलं. आली! दहाही चौकोन भरले. मुनिबाने शिक्का मारला तो इतक्या जोरात, की शेजारच्या काउंटरवरचा माणूस दचकला.

"यल्ला, चलो बाजी, अब अमरीका को जवाब देने दो."

मी पुन्हा समुद्र ओलांडला. जिथून निघालो त्याच ऑफिसात आता मी कोरा नव्हतो, एका बाईचे दोन्ही हात घेऊन आलो होतो. तिथल्या कारकुनाने नाव शोधलं, तारखा शोधल्या, ठसे ताडून पाहिले. मग एक पत्र छापलं, सही केली आणि मला त्याला टाचून परत पाठवलं.

पाकीट आलं तेव्हा वैभवीताई, सुदेश आणि गुणवंतराव तिघंही हजर. पाकिटाला हात लावायला प्रमिलाबाई तयार नव्हत्या. वैभवीताईंनी वाचलं, "नो रेकॉर्ड फाउंड."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या नावावर काहीही नाही. गुन्हा नाही, तक्रार नाही, साधी चौकशीसुद्धा नाही. त्या बाईने तुमचं नाव कधी दिलंच नव्हतं, प्रमिलाताई."

मग प्रमिलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"मग तीन वर्षं मी घाबरत कुणाला होते?"

त्यांनी पत्र टेबलावर नीट पसरलं, मला शेजारी ठेवलं, मोबाइलने फोटो काढला आणि तीन वर्षांत एकदाही न उघडलेल्या, अमेरिकेतल्या त्या बाईंच्या नंबरवर पाठवून दिला. खाली लिहिलं, 'मी प्रमिला. तुमच्या माहितीसाठी.' थोड्या वेळाने दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

"वाचलं तिनं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "खलास."

आज मी अल ऐनमधल्या त्या शाळेच्या ऑफिसात, प्रमिलाबाईंच्या फाइलमध्ये आहे. दाराबाहेरून त्यांचा आवाज रोज ऐकू येतो. वीस-पंचवीस पोरांना त्या एका हाकेत रांगेत उभं करतात. पोरं इंग्रजीत उत्तरं देतात, त्या मराठीत दटावतात, आणि दोघांचं छान जमतं.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी राबत असेल आणि तुमची एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर त्या माणसाच्या नावाला हात घालण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि तुम्हीच राबणारे असाल आणि कुणी तुम्हाला पोलिसांची भीती घालत असेल, तर मान खाली घालून पळू नका. अर्ज करा. कागद मागा. आम्ही कागद कुणाच्या धाकाला भीत नाही. जे आहे तेच सांगतो, आणि जे नाही तेही ठणकावून सांगतो.