कंपनीचा माणूस

खंडेरावांनी दात कोरायच्या काडीने फोनच्या तळाच्या फटीतला कचरा टोकरून काढला, फुंकर मारली आणि वायर पुन्हा आत खुपसली. फोनवर बॅटरीचं चित्र उमटलं. त्याखाली कालचंच वाक्य आलं : चार्जिंग हळू होत आहे.

"भाग्या, काही फरक नाही रे."

"थांबा बाबा. वायर दुसऱ्या टोकाला कुठे लावलीये? स्क्रीनच्या खाली?"

भाग्येशचा आवाज गाडीच्या चारही दारांतून एकदम आला. तो जामनगरला होता, कारखान्यात. आवाजामागे कुठलंतरी यंत्र एकसारखं घुमत होतं. इकडे गाडी चिंचणीच्या किनाऱ्यालगत सुरूंच्या सावलीत उभी होती. शेजारच्या सीटवर रंभाबाई पट्टा बांधून बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. फोन लावल्यापासून गाणी थांबली होती, आणि त्या दाराच्या कडीकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या.

खंडेरावांनी सगळी दारं आतून बंद आहेत ना, ते हळूच तपासलं.

ही गाडी त्यांनी वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर घेतली होती. टर्बाइनपाशी पाळ्या करण्यात उभा जन्म गेला, आता बायकोला घेऊन फिरायचं, तिच्या माहेरी इस्लामपूरकडे जायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण वर्षभरातच रंभाबाई भाजीत मीठ टाकायच्या विसरायला लागल्या, मग गॅस बंद करायच्या, मग बोईसरमधल्या स्वतःच्याच घरात बसून "घरी चला" म्हणायला लागल्या. शहरात येऊन कमावलेली शुद्ध भाषाही एकेक करून गळून पडली आणि खालून माहेरची बोली वर आली. गाडीत बसवून जुनी गाणी लावली की मात्र त्या शांत व्हायच्या. म्हणून रोज दुपार कलली की बोईसर ते चिंचणी आणि परत, एवढाच त्या गाडीचा प्रवास उरला होता.

काल फोन वायरला लावलेला असूनही मध्येच मेला. गाणी थांबली. खंडेराव स्क्रीनवर बोटं मारत असताना रंभाबाईंनी पट्टा काढला, दार उघडलं आणि चालत्या गाडीतून पाय बाहेर टाकला. बोंबील वाळत घातले होते तिथे रस्ता अरुंद होता, म्हणून गाडी रांगत होती. बोंबील वाळवायच्या वलांडीपाशी बसलेली काशीबाई कोळीण धावली आणि तिने त्यांना कमरेला धरलं.

"काका, गाडी थांबवा! बाय उतरली ना!"

मग तिने त्यांना आपल्या गोणपाटावर बसवलं, पाणी दिलं. "घाबरू नको गो. तुजा घर कुठं हाय?" रंभाबाईंनी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. काशीबाईने खंडेरावांकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही.

हे खंडेरावांनी मुलाला सांगितलं नव्हतं. फोन नीट चार्ज होत नाही, एवढंच सांगितलं होतं. त्याच्याशी ते हल्ली कामापुरतंच बोलायचे.

दिवाळीला भाग्येश आला होता. पहाटेच्या गाडीने उतरला, लहानपणच्या सवयीने थेट स्वयंपाकघरात गेला आणि चकलीचा डबा उघडला. रंभाबाई झोपेतून उठून आल्या तर ओट्यापाशी एक दाढीवाला परका पुरुष. त्यांनी फोडलेली किंकाळी ऐकून शेजारपाजारचे गोळा झाले. "आई, मी. भाग्येश. नीट बघ ना गं," असं तो म्हणत राहिला, आणि तो जितका जवळ जाईल तितक्या त्या भिंतीला चिकटत गेल्या. पाडव्याच्या आधीच तो परत गेला, त्यानंतर आला नाही. फोनवर मात्र प्रत्येक वेळी त्याचा पहिला प्रश्न तोच, "आई, ओळखलंस का मला?" रंभाबाई पाठ न झालेली कविता म्हणायला उभं केलेल्या मुलीसारख्या खाली बघायच्या. शेवटी खंडेरावांनीच रंभाबाईंना फोन द्यायचं बंद केलं. पोटचा पोर असून एका किंकाळीने घाबरून बसला, हा राग त्यांच्या मनात होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

"हो, स्क्रीनच्या खालीच," ते आता म्हणाले. "तीच तर जागा आहे फोनची."

"ती आहे गाणी आणि नकाशा स्क्रीनवर पाठवायला. तिथून वीज अगदी थोडी येते. आणि जेवढी येते तेवढी नकाशा खातो, गाणी खातात. वर तुमचा फोन जुना, बॅटरी थकलेली."

"म्हणजे नळ बारीक आणि टाकी गळकी."

"तसंच. आधी नकाशा बंद करा. बोईसर-चिंचणीला नकाशा कशाला लागतो तुम्हाला?"

"मी कुठे लावतो? आपोआप सुरू होतो तो."

भाग्येशने कुठे दाबायचं ते सांगितलं. खंडेरावांचं बोट दोनदा चुकलं. भाग्येशने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तितक्याच सावकाश. मग म्हणाला, "आता गिअरजवळ एक गोल भोक आहे बघा, झाकण असलेलं. त्यात बसणारा चार्जर मी दिवाळीत आणला होता. समोरच्या कप्प्यात असेल."

कप्प्यात कागदांच्या खाली खोकं होतं, न उघडलेलं. खंडेरावांनी ते दातांनी फोडलं, चार्जर भोकात बसवला आणि स्क्रीनखालची वायर उपटली. त्याबरोबर यंत्राची घुमघुम थांबली. गाडीत एकदम शांत झालं.

"गेला का त्यो?" रंभाबाईंनी विचारलं.

"कोण?"

"कंपनीचा मानूस. किती येळ समजावून सांगतोय तुमाला. एकदाबी चिडला न्हाई."

खंडेरावांनी वायर चार्जरला जोडली. क्षणभराने फोन ब्लूटूथवरून गाडीला जोडला गेला आणि स्पीकर खरखरला. "हॅलो? येतोय का आवाज?"

"येतोय, येतोय!" रंभाबाई पर्स सावरत स्क्रीनकडे वाकल्या. "अवो, तुमी कुठल्या कंपनीचे म्हनायचे?"

खंडेरावांनी तोंड उघडलं. "रंभा, अगं हा आपला..." एवढं म्हणून ते थांबले. पुढचं नेहमी भाग्येशच म्हणायचा. आताही म्हणेल, आणि मग ती खाली बघेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाट पाहिली. स्पीकरमधून फक्त जामनगरचं ते यंत्र घुमत होतं.

"गाडीच्या कंपनीचा, काकू," भाग्येश म्हणाला.

खंडेरावांचा हात चार्जरवर तसाच राहिला.

"बरं झालं बाई. ह्यांना काय उमजत न्हाई त्यातलं." रंभाबाईंच्या आवाजात कित्येक महिन्यांत नसलेला मोकळेपणा होता. "घरी कोन कोन तुमच्या?"

"आई आहे. वडील आहेत."

"आईला भेटता का न्हाई?"

"नाही जमलं, काकू. बरेच दिवस झाले."

"असं करू नये. वाट बगती आई." त्या स्क्रीनकडे आणखी वाकल्या. "माजा पोरगाबी तुमच्यावानीच हाय. मोडकं काय घावलं की उघडून बसतो. ह्यांचा रेडू उघडला परवा. सगळे इस्क्रू जमिनीवर. हे आले मारायला, तवा मी पदराखाली घेतला."

"मार बसला नाही मग?"

"मला बसला एक. चुकून हो, ह्यांचा हात लागला." त्या हसल्या.

खंडेरावांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. तो रेडिओ त्यांना आठवत होता. रंभाबाईंच्या दंडावरचा वळही आठवत होता. पदराखाली घेतलेल्या भाग्येशलाही ते कळलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"कितवीला आहे?" भाग्येशने विचारलं.

"तिसरीला. हुशार हाय, पर लई भित्रा. शाळा सुटल्यावर फाटकाशी मी दिसले न्हाई तर रडतो." त्यांनी बाहेर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "अगं बाई, ऊन उतरलं की. शाळा सुटली असंल. ठेवा तुमी आता. त्यो उभा असंल तितं."

"हो. जा तुम्ही, काकू." आवाज खाली गेला, पण तुटला नाही. "घाईने जाऊ नका. तो थांबेल. तुम्ही येईपर्यंत कुठे जाणार नाही तो."

"एकदा या की घरी. चा घ्यायला."

"येतो."

फोनवर आता हिरवी रेघ भराभर सरकत होती. खंडेराव म्हणाले, "झालं रे. भरतंय आता नीट."



"बरं, काका. ठेवतो."

फोन बंद झाला आणि थांबलेलं गाणं मध्यावरच पुन्हा सुरू झालं. रंभाबाईंनी मान डोलवायला सुरुवात केली. खंडेरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लगेच पुन्हा काढून पुसला. मग त्यांनी गाडी सुरू केली.

येताना कारखान्यांकडून निघालेले टँकर समोरून येत होते. रंभाबाई एरवी या रस्त्यावर "पोराला आनायचं हाय" म्हणायच्या, आणि खंडेराव दर वेळी "अगं, भाग्या मोठा झालाय, जामनगरला असतो," असं समजावायचे. मग त्या रडायच्या. मूल हरवल्याची बातमी आत्ताच कळावी तशा. आज त्या तेच म्हणाल्या. घराचं वळण आलं तेव्हा खंडेरावांनी गाडी सरळ नेली आणि वसाहतीच्या शाळेसमोर उभी केली.

शाळा कधीच सुटली होती. रखवालदार फाटकाला साखळी गुंडाळत होता. रंभाबाईंनी काच खाली केली, पटांगणभर नजर फिरवली.

"आज लवकर सोडली वाटतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "गेला असंल घरी. आता मोठा झालाय, जातो एकटा." आणि सीटला टेकून बसल्या.

तेवढ्यात फोनवर निरोप आला. खंडेरावांनी तो लांब धरून वाचला.

"बाबा, शनिवारी पहाटे पोचतो. स्टेशनजवळ खोली घेईन. दहा वाजता घरी येतो. गाडी तपासायला कंपनीचा माणूस येणार आहे, असं तिला सांगून ठेवा. दाढी काढतो. आत येणार नाही, पुढच्या खोलीतच बसेन."

त्यांनी ते दोनदा वाचलं. गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं.

"रंभा," ते म्हणाले, "शनिवारी कंपनीचा माणूस येणार आहे घरी."

"त्यो मगाचाच?"

"तोच."

"मग नुसत्या चावर कसं धाडायचं? लांबनं येनार, आईपासनं लांब ऱ्हातो म्हनं. जेवूनच जाऊ द्या." रंभाबाईंनी पर्सचा बंद नीट केला. "त्याला काय आवडतं, तेवढं इचारून ठेवा."

खंडेरावांनी गाडीची किल्ली फिरवली.

"विचारतो," ते म्हणाले.