हळदीचा बॅनर, झिनीचं बी

मी बॅनर बोलतोय. येता-जाता तुम्ही माझ्यावरचे चेहरे बघता आणि पुढे जाता. आज जरा थांबून ऐका. सध्या मी कमळबाईच्या पेंढ्याच्या उडवीवर पालथा पडलोय. पाठीवर पाऊस, तोंडाशी पेंढा. पण पालथा पडण्याआधी मी बरंच पाहिलं, आणि त्याची मला अजून किळस येते.

माझा जन्म शहापुरातला. जन्म कसला, शाईचा उग्र वास घेऊन मशीनमधून लोळत बाहेर आलो. दुकानदारानं हितेशला विचारलं, "केवढा करू?"

"अनंताच्या पोराच्या हळदीला केवढा व्हता?"

दुकानदारानं हात पसरून दाखवलं.

"मंग त्याच्याहून मोठा."

माझं माप असं ठरलं. घर केवढं, अंगण केवढं, हे कुणी विचारलं नाही. अनंताच्या पोरापेक्षा मोठा असणं एवढंच माझं जगण्याचं कारण. तुमच्यातल्या कितीजणांचं याहून वेगळं आहे, ते तुम्हीच बघा.

माझ्या मधोमध हितेश उभा होता. काळा गॉगल, अंगात भाड्याची शेरवानी, पाठीमागे कुठल्या तरी परदेशातला राजवाडा. हा डोळखांबकडच्या एका वाडीतला मुलगा. भिवंडीच्या गोदामात पार्सलांना चिकटपट्टी लावतो. लोक गरज नसताना काय काय मागवतात, हे रोज ज्याच्या हाताखालून जातं, त्याला तरी काही कळावं. पण त्याला उलटंच कळलं. माझ्यावर त्याच्या फोटोखाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा होत्या, त्यात एक तान्हं बाळ आणि शर्यतीचा एक बैल. बैलाच्या तोंडावर तेवढी थोडी लाज दिसत होती.

मला अंगणाच्या कडेला बांबूंवर ताणलं, तोंड घराकडे करून. रस्त्याकडे तोंड करायचं होतं, पण तिकडून वारा मला फाडेल असं मंडपवाला म्हणाला. त्यामुळे ज्यांनी मला छापून घेतलं त्यांच्याकडेच मी आठवडाभर बघत राहिलो.

हितेशचा बाप कुंडलिक माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि आल्या-गेल्याला मी किती मोठा आहे ते सांगायचा. घराला लागूनच त्याच्या थोरल्या भावाची बायको, कमळबाई राहते. नवरा गेलेला, शेत स्वतः कसते. होळीनंतर तिनं आपल्या मुलीचं, मितालीचं लग्न अंगणातच केलं होतं. घरची माणसं, पळसाच्या पत्रावळी, वालाचं बिरडं, भात. पत्रावळींवर शीतही उरलं नाही म्हणे. कुंडलिकला त्याचीच मोठी गंमत वाटायची.

"लग्न व्हतं का दहावं, तेच कळलं नाय," तो मोठ्यानं म्हणायचा, पलीकडे ऐकू जाईल असं. "कावळाच शिवायचा बाकी व्हता."

पलीकडून सुपात पाखडल्याचा आवाज यायचा.

हळदीला चार-पाच दिवस होते तेव्हा तांदळाचा विषय निघाला. स्वयंपाक्यानं आणलेला तांदूळ हितेशनं हातात घेतला आणि खाली टाकला. "असला भात वाढायचा? अनंताकडं बासमती व्हता. आपला घरचा झिनी शिजवू. वास रस्त्यापातूर गेला पायजे."

झिनी म्हणजे त्यांच्या घरचं जुनं भात. दाणा बारीक, वासाचं. या घरात ते कुंडलिकच्या आजोबांच्याही आधीपासून पेरलं जातं. पण घरातलं भात तर डीजेवाल्याला विसार द्यायला शिमग्यातच विकून झालं होतं. उरली होती पडवीतली एक कणगी. वरून शेणानं लिंपून बंद केलेली. त्यात बी होतं.

हितेशची आई, सकुबाई, कणगीसमोर आडवी उभी राहिली. "बियाला हात लावायचा नाय."

"अगो, बी दुकानात मिळतंय पिशवीत," कुंडलिक म्हणाला.

"झिनी मिळतो दुकानात?"

"एक साल दुसरं पेरू. पोराची हळद एकदाच हाय."

"झिनीची रोपं करायला राबाची जमीन भाजलीय मी. बी खाल्लं तं पुढं काय खायचं?"

"पुढचं पुढं बघू. इज्जत आज हाय."

हे वाक्य तुमच्या गावात मी किती तोंडांतून ऐकलं असेल. पुढचं पुढं बघू. हे म्हणणारा माणूस पुढे कधीच बघत नाही. पुढचं आलं की तो बायकोकडे बघतो.

कुंडलिकनं कोयत्याच्या पाठीनं लिंपण फोडलं. हितेशनं पोती भरून टेम्पोत टाकली. संध्याकाळी गिरणीतून तांदूळ आला, पांढराशुभ्र, खरंच वासाचा. जे जूनमध्ये रुजायचं होतं ते आता कधीच रुजणार नव्हतं. सकुबाईनं रिकाम्या कणगीवर सूप पालथं ठेवलं आणि चुलीकडे गेली.

मग हळद. त्या दिवशी आजूबाजूला आणखी तीन घरी हळद होती. तिथी एकच, हौस एकच. यांनी सगळ्या खोऱ्याला बोलावलेलं, आणि त्या तिघांनीही. लोक गाड्यांवरून एकीकडून दुसरीकडे तोंड दाखवत फिरत होते. आमच्याकडे पोचेपर्यंत बहुतेकांची पोटं टम्म. पण नाही म्हणून अपमान कसा करायचा? म्हणून ताट घ्यायचं. भात घ्यायचा, डोंगराएवढा. रस्सा ओतायचा. एक घास खायचा आणि ताट तसंच टपात उलटं करायचं. आणि ताट उलटं करताना म्हणायचं, "काय वास हाय रे भाताला, एक नंबर."

पाण्याच्या थंडगार बाटल्या मांडल्या होत्या. या वाडीच्या बायका मे महिन्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावतात. तानसा धरणाचं पाणी मुंबईला जातं, म्हणून तिला तोंडभर शिव्या देतात. त्याच वाडीतले पुरुष एका बाटलीतून एक घोट घेत होते आणि उरलेली पायानं बाजूला सारत होते. सकाळी त्याच बायका त्या बाटल्यांतलं पाणी हंड्यात ओतून घेत होत्या. मुंबईला शिव्या द्यायचा हक्क निदान त्या दिवसापुरता तरी तुम्ही सोडायला हवा होता.

डीजेनं माझं कापड थडथडत होतं. हितेश स्वतःच्याच फोटोखाली नाचत होता आणि दीपेश नावाचा त्याचा दोस्त ते मोबाईलवर घेत होता. "भाई, बॅनर येतोय ना मागं?" हितेश पुन्हा पुन्हा विचारत होता. मी येत होतो. दुर्दैवानं.

सकाळी ओढ्याच्या काठावर भाताचा ढीग पडला होता. कुत्रीसुद्धा वास घेऊन पुढे गेली. तीही चारही घरची जेवली होती. सकुबाई ढिगापाशी उभी होती. ती वाकली, मूठभर भात उचलला, बघितला आणि पुन्हा खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला.

लग्नही लागलं आणि मंडपवाला बांबू सोडून घेऊन गेला. मला कुणी विचारलं नाही, कारण माझं काम संपलं होतं. सुनेनं, नेहानं, मला घडी करून माळ्यावर ठेवलं. ही नेहा सिद्धगडाच्या पायथ्याची, मुरबाडकडची. घरात येऊन चार दिवस झाले नाहीत तोच तिनं रिकाम्या कणगीवरचं सूप उचलून पाहिलं होतं. तिला काही सांगावं लागलं नाही.

मे संपत आला. राब तयार होता आणि पेरायला काही नव्हतं. कुंडलिक शहापुरात फिरला, मुरबाडला जाऊन आला. पिशव्या होत्या, झिनी नव्हता. नेहानं माहेरी विचारलं. त्यांनी ते भात कधीच सोडलेलं. कुंडलिक एक पिशवी घेऊन आला आणि पडवीत ठेवली. सकुबाईनं तिला हात लावला नाही.

"पेर की," तो म्हणाला.

"तुमी पेरा. माझ्या हातानं मी या घरचा झिनी बुडवणार नाय."

तेव्हा नेहा बोलली. "मोठ्या आयकडं हाय ना झिनी? मितालीच्या लग्नात त्याचाच भात केला व्हता, असं तुमीच म्हणता."

कमळबाईकडे होताच. दोन्ही घरं वेगळी झाली तेव्हा सकुबाईनंच तिला ओटीत घालून दिला होता, कुंडलिक नको म्हणत असताना.

सकुबाई म्हणाली, "कमळबाय देईल. पण बी बाईनं मागायचं नसतं. घरच्या कर्त्यानं सूप घेऊन दारात जायचं. आन रिकाम्या हातानं नाय. काहीतरी ठेवून बी उचलायचं, नायतर ते रुजत नाय."

मी बॅनर आहे, रुजण्यातलं मला काही कळत नाही. पण तुमच्या रिवाजांपैकी हा एक मला शहाण्यासारखा वाटला. फुकटचं अंगाला लागत नाही, हे निदान बियाला तरी माहीत आहे.

कुंडलिक दोन दिवस गेला नाही. आभाळ भरून यायला लागलं तेव्हा त्यानं सूप उचललं. आणि मग प्रश्न आला, ठेवायचं काय? भात विकलेलं. कोंबड्या हळदीत गेलेल्या. कोनाड्यात काही नाही, फळीवर काही नाही. एवढं मोठं लग्न झालेल्या घरात एका सुपाच्या बदल्यात ठेवण्याजोगी वस्तू सापडेना.

नेहानं माळ्यावरून मला ओढलं आणि हितेशच्या खांद्यावर टाकलं. "हे न्या. घरात न खाल्लेलं एवढंच उरलंय."

कमळबाई दारात बसून दोरी वळत होती. तिनं बाप-लेकाकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं.

"या भावजी. बियाचं दहावं घातलंत म्हणं. कावळा शिवला का?"

कुंडलिक खाली बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढचं दिसत असावं.

"वैनी, झिनी पायजे."

"मला नाय ऐकू आलं. लग्नाच्या दिवसांपासून कान बसलेत. डीजेनं."

"झिनी पायजे, वैनी. आमचा मी खाल्ला."

कमळबाई उठली. आतून भात आणून तिनं सूप शिगोशीग भरलं, आणि वर आणखी एक ओंजळ घातली. "ही सकूची. तिनं दिली व्हती तशी. बाकीचं सुगीला सवाईनं आणायचं, आन पयलं माझ्या दारात, मंग तुमच्या कणगीत."

"आणतो."

"ठेवायला काय आणलंय?"

हितेशनं मला उलगडलं. गॉगल, शेरवानी, राजवाडा, बैल. कमळबाईनं मला अंगठ्यानं चाचपलं. साडीचं कापड बघावं तसं. "जाड हाय. उडवी झाकंल. चढ वर आन बांध."

हितेश पेंढ्यावर चढला. स्वतःचाच चेहरा त्यानं वर पसरला आणि दोरी ओढायला लागला. खालून कमळबाई म्हणाली, "तोंड आत कर रे. बैल बुजतील."

त्यानं मला पालथं केलं.

तेव्हापासून मी इथे आहे. राबात झिनी वीतभर वर आलाय, असं परवा नेहा कुंपणापलीकडून सांगत होती. कुंडलिक आता कमळबाईच्या अंगणात मोठ्यानं बोलत नाही. हितेश सुधारला असं मात्र मी म्हणणार नाही. काल तो याच उडवीच्या आडोशाला उभा राहून दीपेशशी बोलत होता. दीपेशची हळद पुढच्या मेमध्ये आहे.

"बॅनर केवढा करू रे?" दीपेशनं विचारलं.

हितेशनं उडवीतली एक काडी ओढून दातात धरली. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल. तो म्हणाला, "केवढाबी कर. पण कापड जाड घे."

एवढीच त्याची अक्कल वाढली. माझी मात्र तुम्हाला एक विनंती आहे, आणि विनंती कसली, राग आहे. पळसाची पत्रावळ शेणखतात जाते, पेंढा बैलाच्या पोटात जातो, भात मातीत जाऊन परत येतं. मी कुठेच जात नाही. कुजायचं मला जमत नाही. तुमची इज्जत एका संध्याकाळची, आणि तिचं ओझं मी तुमच्या नातवांच्या उडवीवरही वाहणार. तेव्हा दीपेश भेटला तर त्याला सांगा, झाकायला मी एकटा पुरेसा आहे. दुसरा छापू नको. आणि घरात कणगी असेल तर तिचं लिंपण शाबूत आहे का, ते आधी बघ.