उजवीकडचे काटे

आमच्या पालोमाचं स्टिअरिंग डावीकडे आहे आणि सगळे काटे उजवीकडे. आमच्या उयुनी गावात अशा गाड्या पुष्कळ होत्या. जपानातून उजव्या स्टिअरिंगची जुनी गाडी यायची, वाटेत बंदरावर कुणीतरी स्टिअरिंग आणि पेडलं उचलून डावीकडे बसवायचं, आणि काटे हलवायचा कंटाळा करून ते तिथंच ठेवून द्यायचं. म्हणजे गाडी एकाने चालवायची आणि वेग दुसऱ्याने वाचायचा. आमच्याकडे तो दुसरा माणूस मी. एकोणीस वर्षं.

आधी नवरा चालवायचा, तो गेल्यावर माझा मुलगा रोमुलो. मागे सालार, म्हणजे मिठाचं मैदान, बघायला आलेले पाच प्रवासी, त्यांच्या मागे माझी भांडी, आणि पुढे उजवीकडे मी, टोपी घालून.

"आई, किती?"

"पन्नास."

"आणि इंजिनाचं पाणी?"

"पाणी थंड आहे. तापलंय ते तुझं डोकं."

शाळेत मी दोनच इयत्ता काढल्या. अक्षरांचं आणि माझं पटलं नाही, पण आकडे मला वाचता येतात. गाडीचं म्हणाल तर सालारच्या मिठानं गावातल्या कितीतरी गाड्यांची पोटं खाल्ली, पालोमाचं नाही. दर फेरीआधी तिच्या पोटाला जुनं ऑइल फासायचं, आणि फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुवायचं. धुतल्याशिवाय रोमुलोला मी ताट वाढत नाही. बायको आली तरी हा नियम तसाच आहे.

यंदा कार्निव्हलच्या तीन आठवडे आधी त्याला गाडी सुधारायची हुक्की आली. आमच्याकडे नवं काही बसवायचं तर ते कार्निव्हलच्या मंगळवारआधी. त्या दिवशी गाडीला कागदी माळा घालतात, चाकांवर बियर ओततात, पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, तिचा घोट देतात. मागाहून बसवलेला भाग वर्षभर आशीर्वादाशिवाय फिरतो, आणि तो मोडला की दोष कुणाला देणार?

"स्प्रिंगा बदलतो," रोमुलो म्हणाला. "गाडी चार बोटं उंच होईल. मोठे टायर. पुढे लोखंडी बंपर. वर कॅरियर."

"कर," मी म्हटलं. "म्हातारीला उंच टाचा घाल."

"आणि काटे माझ्यासमोर आणतो."

मी बटाटे सोलत होते. सुरी थांबली.

"ते कशाला?"

"तुझी जागा मोकळी होईल. सहावा प्रवासी बसेल. तू घरी आराम कर, आई. जेवण डब्यात देत जा."

डब्यात! तेरा हजार किलोमीटर लांबून आलेल्या माणसाला गार लामाचं मटण द्यायचं? पण खरं सांगते, मला मटणाची काळजी नव्हती. मला जागेची होती. आणि तिच्याखाली दुसरी एक काळजी होती, ती मी कुणालाच सांगितलेली नव्हती.

वेगाचा काटा सहा वर्षांपूर्वीच मेला होता.

कोल्चानीच्या रस्त्यावर एके दिवशी तो शून्यावर पडला आणि उठलाच नाही. रोमुलोनं विचारलं, "आई, किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पंचावन्न." त्यानंतर दर वेळी सांगत गेले. कच्च्या रस्त्यावर मागच्या मोठ्या पातेल्याचं झाकण चाळीसला बडबडतं, पन्नासला भांडतं आणि सत्तरला एकदम गप्प होतं. मिठावर गाडी गेली की सुकलेल्या मिठावर उठलेल्या षटकोनांच्या कडा चाकाखाली ठोकतात, त्या मोजायच्या. पाणी साचलेलं असलं की ते खालून पत्र्याला कसं लागतं ते ऐकायचं. काटा मेल्याचं सांगितलं असतं तर त्यानं विचारणंच बंद केलं असतं. म्हणून नाही सांगितलं.

कासियानो आला तो हत्यारांची पिशवी घेऊन. रोमुलोचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता तो, म्हणून मी त्याला कोम्पाद्रे म्हणते आणि तो मला कोमाद्रे. गावात त्याच्यासारखा मेकॅनिक नाही, आणि त्याच्यासारखं तोंड तर कुणालाच नाही. मी त्याला सूप दिलं, चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून सुकवलेला बटाटा, दिला, वर आणखी मटण दिलं.

"कोमाद्रे, आज एवढं प्रेम का?"

"खा मुकाट्यानं. काटे राहू देत तिकडेच. जुन्या वायरी आहेत, तुटतील."

"तोडायलाच तर आलोय."

अर्ध्या तासानं तो डॅशबोर्डाखालून बाहेर आला. हातात वेगाच्या काट्याची केबल होती. दोन तुकडे, आणि दोन्ही टोकं गंजून लाल.

"रोमुलो, ही कालपरवाची तुटलेली नाही. ही गंजून म्हातारी झालीय."

रोमुलोनं तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई? परवा तू मला बासष्ट म्हणालीस."

"बासष्टच होते."

"कशावरून?"

"झाकणावरून."

कासियानो हसून हसून टायरावरच बसला. रोमुलो हसला नाही.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली असतील. कधी दंड झाला? कधी टायर फुटला? कधी उलटलास?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मागे लोक असतात, आई. मी त्यांना सांगतो, माझी आई काटा बघते."

मी भांडी घासायला घेतली. त्या दिवशी मी स्वच्छ भांडीही घासली.

काटे डावीकडे गेले. नवी केबल आली. तिच्या टोकाला बसणारं चिमुकलं दातेरी चाक कासियानोनं दुसऱ्या एका भंगार गाडीतून काढून बसवलं. माझ्या जागेसमोर एक मोठं भोक उरलं, दात पडलेल्या तोंडासारखं.

रविवारी गाडीची परीक्षा. पुढे कासियानो बसला, माझ्या जागेवर, पाय लांब करून. मी मागे, पातेल्यांच्या पेटीवर. मला कुणी ये म्हटलं नव्हतं. पातेली माझी आहेत, ती जातील तिथं मी जाते.

पाऊस होऊन गेला होता, सालारवर वीतभर पाणी. एरवी पाण्यात जाताना आम्ही गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांधतो आणि वीसच्या वर जात नाही. वीसच्या वर गेलं की खारं पाणी उडून इंजिनाच्या वायरींवर जातं. पण ताडपत्रीचे हूक नव्या बंपरमागे गेले होते, म्हणून ती घरीच राहिली.

"चार बोटं उंच आहे आता," रोमुलो म्हणाला. "आणि वीसच ठेवतो. काटा समोर आहे."

गाडी पाण्यात उतरली. वर आभाळ, खाली आभाळ. वीसला पाणी पत्र्याखाली कुजबुजतं. हे कुजबुजत नव्हतं. मूठमूठ खडे फेकल्यासारखं लागत होतं. मला कळलं, आणि मी गप्प बसले. हट्टानं. बघू दे म्हटलं त्याचा नवा काटा काय बघतो ते. तेवढी चूक माझी.

मग राहवेना. "रोमुलो, तीसवर आहेस."

"वीसवर आहे, आई."

"काटा वीसवर असेल. पाणी तीसवर आहे."

"आई, सहा वर्षं तू मला..."

पुढचं तो बोललाच नाही, कारण पालोमा खोकली. दोनदा खोकली, एकदा शिंकली आणि उभी राहिली. चारी बाजूंना पाणी आणि एवढी शांतता, की कासियानोसुद्धा गप्प.

बॉनेट उघडलं तर आत सगळं ओलं, आणि गरम भागांवर पांढरं मीठ चढलेलं. पुसून भागेना, मीठ जाईना.

"गोडं पाणी हवं," कासियानो म्हणाला. "आणलंय का कुणी?"

"सूपाचं आहे माझं. दहा लिटर."

"कोमाद्रे, तू देवमाणूस आहेस."

"ते सूप झाल्यावर म्हणतोस तू नेहमी. आज सूप नाही."

माझ्या सूपाच्या पाण्यानं त्यांनी वायरी धुतल्या आणि माझ्या शालीनं पुसल्या. मी शाल अंगावरून काढून दिली तेव्हा रोमुलोनं माझ्याकडे बघणं टाळलं. तोवर कासियानो टायराला वीत लावून बघत होता. एकदम त्यानं स्वतःच्या कपाळावर थाप मारली.

"टायर मोठे! दातेरी चाक दुसऱ्या गाडीचं! काट्याला बिचाऱ्याला काय कळणार? तो जुन्याच हिशेबानं सांगतोय."

तिसऱ्या चावीला पालोमा सुरू झाली. परतताना, पाणी संपून कोरडं मीठ लागल्यावर, कासियानोनं कोटाच्या आत फोन धरून वेग पाहिला. एरवी मिठाच्या उजेडात फोनवर काही दिसत नाही. काट्यावर वीस होते.

"आई," रोमुलोनं विचारलं, "किती?"

मी कडा मोजल्या. "तीस."

"एकतीस," कासियानो कोटातून म्हणाला.

"एकाचा फरक," मी म्हटलं. "तुझ्या कामापेक्षा बरा."

रोमुलो म्हणाला, "मला राग आकड्याचा नाही, आई. अंदाज असला तर अंदाज म्हणून सांगायचं."

"हो," मी म्हटलं. हा शब्द मी त्याला फारसा म्हणत नाही.

मंगळवारी मीच चाकांवर बियर ओतली. चार चाकं, मग पाचामामा, मग थोडी कासियानोच्या बुटांवर, त्या दातेरी चाकाबद्दल. माळा बांधून झाल्यावर रोमुलो माझी पातेली वर नव्या कॅरियरवर चढवू लागला.

"ती तिकडे कुठं?"

"बुधवारचा सहावा प्रवासी मागे बसेल, भांड्यांच्या जागी."

"आणि पुढे?"

"पुढे जागा नाही," तो दोरी आवळत म्हणाला. "पुढे तू आहेस."

ओरुरोहून योग्य दातेरी चाक आलं, बसलं. काटा आता खरं सांगतो. तरी रोमुलो विचारतो. मी सांगते, तो काट्याकडे बघतो, आणि दोघांचं जमलं नाही तर गाडी थांबवून बघतो काय बिघडलंय ते. दोनदा काटा चुकला होता. एकदा मी, पण त्या दिवशी वारा फार होता.

झाकण आता थेट माझ्या डोक्यावर बडबडतं, पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. समोरच्या भोकात माझी कोकाच्या पानांची पिशवी मापात बसते.

"आई, किती?"

"अंदाजे पन्नास," मी म्हणते. अंदाजे हळू म्हणते, पन्नास मोठ्यानं.