तिसरी पेटी

नखाने चिकटपट्टी उचकटून काकांनी पेटी उघडली आणि "झालं कल्याण!" म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. परदेशी कीटक निसटू नयेत म्हणून प्रयोगशाळेतली ही खोली दोन दारांआड बंद असे, आणि आत एका वेळी एकच माणूस.

नळ्यांच्या तळाशी इवल्या माश्या निपचित पडल्या होत्या. पपईच्या बागाच्या बागा पांढऱ्या करून टाकणारा पिठ्या ढेकूण समुद्रापलीकडून इकडे आला. त्याचा काळ ठरणारी ही माशी मात्र तिकडेच राहिली. तिकडच्या लोकांबरोबर हिंडून ती पकडायची आणि इकडे धाडायची, हे काम काकांच्या लेकीचं. आधीच्या दोन पेट्यांतल्या माश्या वाटेतच मेल्या. याही मेल्या तर प्रकल्प गुंडाळणार आणि लेक घरी येणार. जगल्या तर ती आणखी दोन वर्षं तिकडेच.

बायको गेल्यापासून काकांच्या घरात बोलणारा एक रेडिओच, आणि तो मेला कुणाचं ऐकून घेत नसे. लेक यावी असं त्यांना वाटे. अगदी जीव तुटेपर्यंत वाटे. 'मेल्या' एवढंच तर सांगायचं. बघायला आत येतंय कोण?

पण गारठलेला कीटक मेल्यासारखाच दिसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हात काही गप्प बसेना. त्यांनी एक नळी उचलून उबेसाठी मुठीत धरली.

"उठू नका गं बायांनो," ते पुटपुटले, आणि मूठ आणखी घट्ट मिटली.

थोड्या वेळाने एक पाय हलला. मग एकेक नळीला ऊब मिळत गेली तशा बहुतेक साऱ्याजणी काचेवर चढू लागल्या. काकांना आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच रागही आला.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"जिवंत आहेत."

"सगळ्या?"

"बहुतेक सगळ्या. नाव काढलंस हो पोरी!"

पोर हरखून गेली असेल, असं वाटून काकांनाच भरून आलं. तिच्या कामापायी आपण केवढं गिळलं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मेल्या म्हणाला असतात, तर मी काय तपासायला येणार होते?"

"तपासायला नाही," काकांच्या तोंडून निघून गेलं. "पण आली असतीस."

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मग म्हणायचं होतं ना, बाबा."