खिशातले अंडे

पडद्यावर गोपीने उकडलेले अंडे खिशात कोंबले आणि दाराकडे धूम ठोकली. हॉल खदखदून हसला.

काठमांडूशेजारी, ललितपूरला, सकाळपासून नळाला पाणी नव्हते.

‘नट बरा आहे, पण मिशी चिकटवलेली वाटते,’ मागच्या रांगेतला कुणी.

सिडनीत या वेळी दुपार टळलेली असते.

निर्माते तुलसीदाइ, म्हणजे तुलसीदादा, यांचा निरोप, फोनवर: हसतायत का? किती जोरात?

आईने चष्मा काढला होता.

हे शेवटचे रोमिलाने पुन्हा एकदा वाकून पाहिले. आई पुढे बसली होती आणि ती मागे कडेच्या खुर्चीवर, बसली न बसल्यासारखी. ‘दोन कप लाज’ हा तिचा पहिला सिनेमा. लिहिलाही तिनेच, दिग्दर्शनही तिचेच. आज शुक्रवार. पहिल्या खेळाचे नाव झाले तर उद्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, खेळ वाढणार. नाही तर सकाळचा एक उरणार, तोही रिकामा. पण या घडीला तिला शनिवारचे काही पडले नव्हते. आईला ते अंडे ओळखू आले का, तेवढेच कळायला हवे होते.

न ओळखायला काय झाले? दूर निघालेल्याच्या उजव्या हातात अंडे द्यायचे, डाव्या हातात सुका मासा, वर घोटभर ऐला, घरी गाळलेली दारू. प्रत्येक नेवार घरात देतात तसा हा सगुन आईनेच रोमिलाच्या नवनीतला दिला होता, तो ऑस्ट्रेलियाला निघाला त्या दिवशी. नवनीत रिमाल. पुरोहिताच्या घरातला. त्यांच्याकडे अंड्याचे नाव घेतले तरी चूल धुवत असतील. पहिला घास घेतला आणि तो अर्ध्या सगुनातून उठला, अंडे हातातच, धाडधाड जिना उतरून गेला. खाली दार आपटले. सगुन अर्धा टाकून कुणी उठत नाही. शत्रूच्या घरूनही नाही.

त्यानंतर रोमिलाने त्याचा एकही फोन घेतला नाही. पुढे केव्हातरी तिने तो प्रसंग लिहायला घेतला आणि लिहिताना स्वतःच हसली. खिसा तिने मागाहून घातला.

दिवे लागले.

बाहेर पायऱ्यांवर नेहमीची झुंबड. शुक्रवारी पहिला खेळ सुटला की यूट्यूबवाले माइक घेऊन दार अडवतात आणि प्रेक्षकाला गाठून विचारतात, कसा वाटला. संध्याकाळपर्यंत अख्खे काठमांडू ते पाहते आणि मग ठरवते. रोमिलाचा सहायक रबिन याने आपल्या मामेबहिणी आधीच पेरून ठेवल्या होत्या.

“हसून हसून पोट दुखलं!”

“घरच्या सगळ्यांना घेऊन या!”

“ताई, हे तुम्ही मघाशी त्या चॅनेललाही म्हणालात.”

“मग? पोट दोनदा दुखू नये का?”

रोमिला खांबाआडून आईला शोधत होती. सापडली तेव्हा उशीर झाला होता. हेल्मेट न काढताच माइक पुढे करणाऱ्या एका मुलीने आईला घेरले होते.

“आमा, कसा वाटला सिनेमा?”

“पाय आखडले. खुर्च्या फार जवळ.”

लोक हसले. आणखी दोन-तीन माइक सरकले.

“ही म्हातारी कुणी उभी केली?” तुलसीदाइ रोमिलाच्या कानाशी पुटपुटले. “रबिनने? भारी पकडलीय.”

“ती माझी आई आहे, दाइ.”

“अगं, मग आधी नाही का सांगायचं!”

“सिनेमा, आमा, सिनेमा!” हेल्मेटवाली म्हणाली.

“बरा आहे. ती मुलगी गोड आहे. पण त्या पोराला उगाच हसलात तुम्ही सगळे.”

“कुठल्या? त्या अंडेवाल्याला? पळाला तो!”

“पळाला नाही. ओकायला गेला.”

हशा उसळला. आईने तो संपू दिला. शालीचे टोक खांद्यावर नीट घेतले.

“जन्मात अंडं शिवलं नव्हतं त्याने. पोट उलटलं. माझ्यासमोर कसं ओकायचं, म्हणून खाली नळावर धावला. सगुन खाली ठेवायचा नसतो, म्हणून अंडं हातात तसंच. चूळ भरून परत आला, उरलेलं खाल्लं. मासाही खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि म्हणतो, आमा, ऐला अजून घाला. असं पोर खिशात अंडं कोंबेल? कुणी लिहिलंय हे?”

“आमा, पुढचा सिनेमा तुम्हीच लिहा!” कुणीतरी ओरडले. शिट्ट्या वाजल्या.

रोमिला गर्दीत घुसली. कुणाच्या तरी पायावर पाय पडला, माफी मागायची राहिली. तिने आईचा दंड धरला आणि पोस्टरच्या मागे नेले. पोस्टरवर गोपी डोळा मारत होता.

“तो परत आला होता?”

“कोण? नवनीत? म्हणजे काय! टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता, तरी बसून सगळं खाल्लं. तुला किती हाका मारल्या.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? म्हणाला, ओकल्याचं रोमिलाला कळू देऊ नका, जन्मभर चिडवील. बरं म्हटलं.” आईने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. “आणि त्या रात्री तूच नाही का म्हणालीस, त्याचं नाव या घरात काढायचं नाही? मला वाटलं, फोनवर भांडलात. तुमचं तुम्हाला ठाऊक.”

तुलसीदाइ फोन नाचवत आले. “चढलं बघ यूट्यूबवर! ‘आमाने फोडलं गुपित.’ हॉलवाल्यांचा फोन होता, उद्या खेळ वाढवतायत. आमा, संध्याकाळी दुसऱ्या हॉलवर याल ना? हेच बोलायचं, असंच!”

“संध्याकाळी देवळात जायचंय मला.”

“दाइ,” रोमिला म्हणाली, “तो प्रसंग काढता येईल?”

“कुठला?”

“अंड्याचा.”

तुलसीदाइंनी तिच्याकडे पाहिले, मग आईकडे. “वेड लागलं का, पोरी? आता लोक तोच बघायला येणार.”

दुसऱ्या खेळाची माणसे आत शिरत होती. एक बाप खांद्यावरच्या लेकीला सांगत होता, आता मज्जा येणार, बघच तू. रोमिलाने फोन काढला, उघडला, बंद केला, परत उघडला.

“मी काही चुकीचं बोलले का, मैंचा?” आईने लेकीला विचारले.

“नाही.”

“मग चल. बस भरली तर उभं राहावं लागेल.”

त्या दिवशी नवनीत चूळ भरून परत वर आला, तेव्हा रोमिला गच्चीवर होती आणि गच्चीच्या दाराची कडी तिने बाहेरून लावून घेतली होती.